पगारातले दोनशे रुपये

दरमहा पगारातून दोनशे रुपये व्यवसाय कर जातो (फेब्रुवारीत तीनशे!). परवा त्यावरून कुरकुरत होतो, तर आईनं आजीची आठवण काढली. बहात्तरच्या दुष्काळात तिनं पैठणकडे खडी फोडली होती.

पुढे १९७५ साली हा कर लागला तो रोजगार हमीसाठीच. जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची. म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या पगारदारानं खेड्यातल्या मजुरीला हातभार लावायचा. कल्पना वि. स. पागे यांची, १९७७ च्या कायद्यानं मागेल त्याला काम हा हक्कच झाला. गरिबीचा दाखला नको. मजुरी कमी, काम कष्टाचं; गरज नसलेला फिरकणारच नाही, हा हिशोब.

युक्ती नामी! पण घमेलंच उचलवत नाही त्याचं काय? दुष्काळात पणजीचे हात थरथरायचे. आजीच्या एकटीच्या मजुरीत दोघी जेवायच्या.