ख्यातनाम व्यक्तींची राजकीय मते

साहित्य, संगीत, नाट्य, चित्रपट, क्रीडा, धर्मकार्य इ. क्षेत्रांत लौकिक मिळविलेल्या व्यक्तींनी राज्यकारभार, निवडणुका व सार्वजनिक धोरणे यांविषयी जाहीरपणे व्यक्त केलेली मते. अशा मतांची समाजाने कितपत दखल घ्यावी, हा लोकशाहीतील एक वादाचा प्रश्न आहे. एका क्षेत्रातील प्रावीण्य दुसऱ्या क्षेत्रातील जाणकारीची हमी देत नाही, असे एक पक्ष म्हणतो. तर कलावंत हाही नागरिकच असल्याने मत मांडण्याचा त्यालाही अधिकार आहे, असे दुसरा पक्ष मानतो. वस्तुतः हे दोन पक्ष परस्परविरोधी नाहीत. मत मांडण्याचा अधिकार ही एक गोष्ट असून त्या मताला इतरांच्या मतांहून अधिक अवधान मिळणे ही वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाची अनेकवार कसोटी लागली असून विदर्भातील वाशिम परिसराचा अनुभव त्या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो.

महाराष्ट्रात रंगभूमी व राजकारण यांचा संबंध जुना आहे. कृ. प्र. खाडिलकर (१८७२–१९४८) यांच्या कीचकवध (१९०७) या पौराणिक नाटकात लॉर्ड कर्झनच्या कारभारावरील रूपक आढळल्यामुळे ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ बालगंधर्व (१८८८–१९६७) व केशवराव भोसले (१८९०–१९२१) या दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांच्या प्रमुख नटांनी मुंबईत मानापमान नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. खाडिलकर हे केसरीच्या परंपरेतील पत्रकार होते व त्यांच्या नाटकामागे स्वतःचा राजकीय विचार होता. उलट या दोन नटांनी राजकीय नेतृत्वाने आधीच ठरविलेल्या कार्याला आपली लोकप्रियता उपलब्ध करून दिली. लौकिकाच्या राजकीय उपयोगाचे हे दोन प्रकार पुढेही आढळतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लेखक आणि शाहीर यांचा प्रभाव शिगेला पोहोचला. प्र. के. अत्रे (१८९८–१९६९) यांची भाषणे व त्यांचे मराठा हे दैनिक (स्थापना १९५६), तसेच अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आदी शाहिरांचे कार्यक्रम यांनी जनमत ढवळून काढले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा मोठा पराभव झाला. विदर्भात मात्र काँग्रेसचे वर्चस्व टिकले. तेथील प्रश्न निराळा होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती आणि अकोला करार (१९४७) व नागपूर करार (१९५३) यांतील आश्वासनांची चर्चा तेथे अधिक महत्त्वाची होती. मुंबईत गाजलेला शब्द वऱ्हाडात तेवढाच प्रभावी ठरेल, असे नव्हते.

आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) हाच प्रश्न अधिक गंभीर स्वरूपात पुढे आला. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांनी, तत्कालीन केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असलेल्या व्यासपीठावरून, लेखनस्वातंत्र्याच्या संकोचाला विरोध केला आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी सभागृहासह प्रार्थना केली. पुढे त्यांना अटक झाली. पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांनी १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षाच्या बाजूने प्रचारसभा घेतल्या आणि सत्तांतरानंतर कोणतेही पद न घेता ते आपल्या व्यवसायाकडे वळले. प्रकाशनपूर्व तपासणीने लेखकाच्याच कामावर घाला घातला असल्याने हा विषय त्यांच्या क्षेत्राबाहेरचा होता, असे म्हणता येत नाही. शिवाय या मतांसाठी किंमत मोजण्याची तयारीही त्यांनी दाखविली होती.

तथापि या प्रचाराचा परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही. महाराष्ट्रातील लोकसभेच्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २० जागा मिळाल्या आणि त्यांत विदर्भाचा वाटा मोठा होता. तत्कालीन अकोला जिल्ह्यातील वाशिम मतदारसंघातून माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक (१९१३–७९) विजयी झाले. ते शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली या गावचे व बंजारा समाजातील असून १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. १९०५ पर्यंत पुसद तालुका जुन्या वाशिम जिल्ह्यातच समाविष्ट होता. तेथील मतदारांना मुंबई-पुण्याच्या नामवंतांपेक्षा परिसरातील हा शेतकरी नेता अधिक परिचित होता. १९८० व १९८४ मध्ये मात्र याच मतदारसंघाने जम्मू-काश्मीरचे गुलाम नबी आझाद यांना निवडून दिले. यावरून केवळ परिचय वा केवळ प्रसिद्धी हे मतदानाचे पुरेसे स्पष्टीकरण नाही, हे दिसून येते; पक्षनिष्ठा, समाजबंध व शेतीचे प्रश्न यांचाही त्यात वाटा असतो.

वाशिम जिल्ह्यात (स्थापना १ जुलै १९९८) लौकिकाचे आणखी एक रूप दिसते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असून तेथे देशभरातून भाविक येतात. सर्व पक्षांचे नेते तेथे दर्शनास जातात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तेथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले आणि त्याच महिन्यात तेथील धर्मगुरू बाबूसिंग महाराज राठोड यांची विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली.

अशा नेमणुकीला घटनेचा आधार आहे. राज्यसभेतील १२ नियुक्त सदस्यांसाठी साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा ही क्षेत्रे घटनेने नमूद केली असून विधान परिषदेसाठी त्यांत सहकाराची भर आहे. घटनेला अभिप्रेत आहे ते विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव. प्रसिद्धीचा उल्लेख तीत नाही. पां. वा. काणे व मामा वरेरकर यांची राज्यसभेवरील नियुक्ती या तत्त्वाशी सुसंगत होती. सचिन तेंडुलकर यांच्या अल्प उपस्थितीवर (२०१२–१८) मात्र टीका झाली.

कलावंताने आपल्या क्षेत्रातच राहावे, हा उपदेश बहुधा गैरसोयीच्या मतालाच केला जातो. १९९६ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार स्वीकारताना देशपांडे यांनी झुंडशाहीविषयी नापसंती व्यक्त केली, तेव्हा शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. २००९ मध्ये मुंबई सर्व भारतीयांची आहे असे म्हटल्याबद्दल तेंडुलकर यांनाही त्यांनी क्रिकेटपुरते राहण्यास सुनावले. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाबाबत परदेशी नामवंतांनी मते मांडल्यावर लता मंगेशकर, तेंडुलकर आदींनी बाह्य हस्तक्षेपास विरोध करणारी मते व्यक्त केली, तेव्हा विरुद्ध बाजूने टीका झाली. या वादात कृषिकायद्यांतील तरतुदी मागे पडून चर्चा व्यक्तींभोवतीच फिरत राहिली. ते कायदे २०२१ अखेरीस रद्द झाले.

याउलट उदाहरण शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नात सापडते. २००६ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या सु. ३,७५० कोटी रुपयांच्या विशेष साहाय्यात विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी वाशिम हा एक होता. नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे या अभिनेत्यांनी २०१५ मध्ये स्थापन केलेल्या नाम फाउंडेशनने मराठवाडा व विदर्भातील आत्महत्याग्रस्त कुटुंबांना मदत दिली. येथे लौकिकाने वेधलेले लक्ष पीडितांपर्यंत पोहोचले.

नामवंताचे मत ऐकावे किंवा ऐकू नये, असा सरसकट नियम या इतिहासातून निघत नाही. वक्त्याचा त्या विषयाशी प्रत्यक्ष संबंध किती, त्या मताची झळ त्याला सोसावी लागते काय आणि मिळालेले अवधान तो प्रश्नाकडे वळवितो की स्वतःकडे, यांवर त्या मताचे मोल ठरते. सोयाबीन, तूर व कापूस पिकविणाऱ्या वाशिमसारख्या जिल्ह्यात शेतमालाच्या भावाविषयी सर्वांत निकटचे ज्ञान शेतकऱ्याजवळच असते. त्याचे मत जाणून घेण्यासाठी एखाद्या नामवंताने आधी बोलावे लागते, यात त्या नामवंताचा दोष नसून लोकमत घडविणाऱ्या व्यवस्थेची उणीव आहे.