पक्षाघातानंतर मेंदूतील क्रिया व जोडण्या

पक्षाघातानंतर मेंदूतील क्रिया व जोडण्या : मेंदूचा एखादा भाग रक्ताविना राहिला किंवा रक्तवाहिनी फुटून तिथे रक्त साचले, की पक्षाघात होतो. त्यानंतर जखमेच्या जागी, तिच्या आसपास आणि तिच्यापासून पुष्कळ दूरच्या धडधाकट भागांतही मेंदूचे काम बदलते. या भागांचे आपसांतले दळणवळण आधी विस्कटते आणि मग काही अंशी पुन्हा जुळते. ‘अर्धांगवायू’, ‘लकवा’ ही नावे आणि ‘अंगावरून वारं गेलं’ हा बोलीतला प्रयोग लुळ्या पडलेल्या अंगाकडे बोट दाखवतात. चरकसंहितेतही पक्षाघात वातव्याधींमध्ये येतो. प्रत्यक्षात हाताचे स्नायू शाबूत असतात, त्यांना हुकूम देणारी यंत्रणा मोडलेली असते. घरच्यांना हे नीट समजावून सांगितले जात नाही, म्हणून महिनोन्‌महिने हाताला तेल चोळले जाते आणि त्या हाताला काम द्यायचे राहून जाते.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो वापरतो, आणि साठवून जवळजवळ काहीच ठेवत नाही. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. हा पुरवठा २०च्या खाली आला की चेतापेशी संदेश पाठवणे थांबवतात. तो १०च्या आसपास आला की पेशीच्या पटलावरचा क्षारांचा तोल ढासळतो आणि पेशी मरू लागते. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या पेशी मुक्या झालेल्या असतात, मेलेल्या नसतात. या पट्ट्याला ग्रहणाच्या परिभाषेतले ‘उपच्छाया’ हे नाव मिळाले आहे. मोठी रक्तवाहिनी तुंबलेली असताना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकन चेतातज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत देतात, आणि निवडक रुग्णांत नळीवाटे गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया २४ तासांपर्यंत करता येते. हे दोन्ही उपचार उपच्छायेतल्या पेशी वाचवण्यासाठी आहेत.

१८६१ साली पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूची जखम दाखवली. तेव्हापासून ‘अमुक जागी जखम, म्हणून अमुक लक्षण’ हा हिशेब वैद्यकात रुजला. तो बराच खरा आहे, पण पुरा नाही. सारखीच जखम असलेल्या दोन रुग्णांपैकी एक चार महिन्यांत शेतावर जाऊ लागतो आणि दुसरा खाटेवरून उठत नाही, हे त्या हिशेबात बसत नाही. झुरिकचे कॉन्स्टंटिन फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ साली याचे एक उत्तर दिले. जखमी भागाकडून ज्यांना संदेश यायचे ते दूरचे भाग, स्वतः धड असूनही, संदेश थांबताच मंदावतात. या अवस्थेला त्यांनी ‘डायाशिसिस’ म्हटले. पाटाचे वरचे दार बंद झाले, की खालच्या वाफ्यातली माती कसदार असूनही पीक माना टाकते, तसेच हे. मोनाकोव्ह यांच्याकडे हे दाखवायला यंत्र नव्हते. १९८० साली फ्रेंच संशोधक जाँ-क्लोद बारों यांनी पेट या चित्रणतंत्राने ते दाखवले. मोठ्या मेंदूच्या एका बाजूला पक्षाघात झालेला असताना विरुद्ध बाजूच्या लहान मेंदूत रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनचा वापर दोन्ही घटलेले दिसले. त्या भागाला जखमेचा स्पर्शही झालेला नव्हता. मोठ्या मेंदूतून मध्यरेषा ओलांडून तिकडे जाणारा तंतुमार्ग तेवढा गप्प झाला होता.

मेंदूचे भाग एकमेकांशी किती जोडलेले आहेत, हे रुग्ण नुसता पडून असतानाही मोजता येते. भारतीय वंशाचे भरत बिसवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली फंक्शनल एमआरआयमध्ये पाहिले की माणूस काहीच करत नसतानाही हाताची हालचाल सांभाळणाऱ्या डाव्या आणि उजव्या भागांतला संथ चढउतार एका लयीत चालतो. ही लय अतिशय मंद, सेकंदाला ०.१ आवर्तनापेक्षाही कमी असते. दोन भागांची लय जुळणे म्हणजे त्यांची कार्यात्मक जोडणी. पक्षाघातानंतर ही लय बिघडते. मेंदूविद्युत आलेखातही जखमेच्या बाजूला संथ डेल्टा लहरी वाढतात आणि अल्फा लहरी घटतात.

सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मॉरिझिओ कॉर्बेटा यांच्या गटाने या विषयावर सर्वांत सलग काम केले आहे. उजव्या मेंदूच्या पक्षाघातानंतर काही रुग्णांना डावीकडचे जग जणू नसतेच. आपल्याकडच्या ताटावर हे फार स्पष्ट दिसते : उजवीकडची भाजी-आमटी संपते आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लोणचे जसेच्या तसे राहते. नजर चांगली असते, तरीही. या गटाने २००७ साली दाखवले की अशा रुग्णांत दोन्ही बाजूंच्या पार्श्विक खंडांमधली लय तुटलेली असते, आणि ते खंड तर जखमेबाहेर असतात. रुग्ण सुधारतो तशी ही लय परत येते. पुढे २०१६ साली त्यांनी जखमेची जागा आणि जोडण्यांचा बिघाड यांचे वजन तोलून पाहिले. हातपायांची ताकद आणि दृष्टी यांतला दोष जखमेच्या जागेवरून अधिक चांगला ओळखता आला, तर स्मृतीतला दोष जोडण्यांवरून. बिघाडाची एक ठरावीक घडणही दिसली : दोन गोलार्धांमधली जोडणी सैल होते आणि एकाच गोलार्धातली जी जाळी एकमेकांपासून अलग राहायला हवीत, ती एकमेकांत मिसळतात. या विषयातला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष मानावा लागेल, कारण ब्रोकांचा हिशेब आणि मोनाकोव्ह यांचा हिशेब कुठे कुठे लागू पडतात, हे त्याने दाखवले.

हाताची हालचाल परत येताना मेंदू काय करतो, यावर मात्र मतांतरे आहेत. सावरलेला हात हलवताना दोन्ही गोलार्ध जागे होतात, हे १९९१ साली पेटच्या चित्रांत दिसले आणि ‘धडका अर्धा भाग दुसऱ्याचे काम करतो’ ही आशादायक समजूत पसरली. लंडनमध्ये निक वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ साली त्याच रुग्णांची पुन्हा पुन्हा चित्रे घेतली, तेव्हा चित्र उलटे निघाले. सुरुवातीला मेंदूचे पुष्कळ भाग धावपळ करतात आणि हात सुधारत जातो तशी ती धावपळ ओसरते. ज्यांचे काम चांगले परतले, त्यांच्या मेंदूचे चित्र निरोगी माणसाच्या चित्राजवळ आलेले होते. धडका गोलार्ध जखमी गोलार्धाला प्रमाणाबाहेर दाबून ठेवतो, असेही काही प्रयोगांत आढळले. त्यावरून चुंबकीय उत्तेजनाने धडक्या बाजूला शांत करण्याचा उपचार निघाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत खऱ्या आणि लटक्या उत्तेजनाचा परिणाम सारखाच निघाला. जखम फार मोठी असेल तेव्हा धडकी बाजूच उरलेला आधार असू शकते, तिला सरसकट गप्प करणे बरोबर नाही.

वाचेबाबतही असाच क्रम दिसतो. जर्मनीत डॉरोथी झाउर यांच्या गटाने २००६ साली १४ रुग्णांचा माग ठेवला. पहिल्या दिवसांत डाव्या मेंदूची भाषाक्रिया मंद, सुमारे दोन आठवड्यांनी उजव्या बाजूच्या समांतर भागांची जोरदार साथ, आणि वर्षाच्या आत भार पुन्हा डावीकडे. भारतातला एक निष्कर्ष इथे नोंदवायलाच हवा. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६०८ रुग्ण तपासले. पक्षाघातानंतरही बुद्धीची कामे शाबूत असलेल्यांचे प्रमाण दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत सुमारे ४० टक्के आणि एकभाषिकांत सुमारे २० टक्के आढळले. वाचा जाण्याचे प्रमाण मात्र दोन्हींत सारखेच होते.

जोडण्या पुन्हा जुळतात त्या वापरामुळे. रँडॉल्फ नुडो यांनी १९९६ साली स्क्विरल माकडांच्या मेंदूत हाताच्या क्षेत्रात छोटी जखम केली. तशीच सोडलेल्या माकडांत हाताचे उरलेले क्षेत्रही आक्रसते, हे आधी दिसले होते. लहान खळग्यांतून खाऊ उचलण्याचा सराव दिलेल्या माकडांत ते टिकले, काहींत तर कोपर-खांद्याच्या क्षेत्रात पसरले. माणसांत धडका हात बांधून दुबळ्याला काम लावण्याच्या पद्धतीची २२२ रुग्णांवरची चाचणी २००६ साली यशस्वी ठरली. पण घाई बाधते. पहिल्या २४ तासांतच जोरदार हालचाल सुरू केलेल्या रुग्णांची अवस्था पुढे तुलनेने वाईट राहिली, असे २०१५ सालच्या मोठ्या चाचणीत दिसले. २०२१ सालच्या एका छोट्या अमेरिकन चाचणीत जादा सरावाचा सर्वाधिक लाभ पक्षाघातानंतर दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान दिसला. नेमका याच काळात आपल्याकडचा रुग्ण रुग्णालयातून घरी येऊन पडलेला असतो. ‘सहा महिन्यांत आलं तेवढंच’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. पहिले तीन महिने सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो, हे खरे. पण नऊ महिने ते दहा वर्षे उलटलेल्या रुग्णांतही व्हेगस चेतेचे उत्तेजन आणि सराव यांच्या जोडीने हात सुधारल्याचे २०२१ साली दिसले आहे. फ्लुओक्सेटीन या औषधाकडून मोठी आशा होती. मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली.

गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेने केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात निघाले : १४.३ टक्के. वर सांगितलेले जवळजवळ सगळे ज्ञान अशा यंत्रांतून आले आहे, जी त्या गावांपासून फार दूर आहेत. त्यामुळे नेदरलँड्समधील एका अभ्यासाचे मोल इथे अधिक वाटते. पक्षाघातानंतर ७२ तासांच्या आत रुग्णाला बोटे थोडी तरी सरळ करता आली आणि दंड बाजूला थोडा उचलता आला, तर सहा महिन्यांनी हाताला काही कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. दोन्ही जमले नाही तर ती सुमारे २५ टक्के होती. मेंदूपासून मज्जारज्जूत उतरणारा तंतुमार्ग काही अंशी शाबूत आहे, हे त्या बोटांवरून कळते, आणि गावातली आरोग्यसेविकाही ते खाटेजवळ बसून पाहू शकते.