हॅमरशोल्ड मृत्युप्रकरण

हॅमरशोल्ड मृत्युप्रकरण : (१७–१८ सप्टेंबर १९६१). संयुक्त राष्ट्रांचे दुसरे महासचिव, स्वीडनचे डाग हॅमरशोल्ड (२९ जुलै १९०५–१८ सप्टेंबर १९६१) यांचा उत्तर ऱ्होडेशियातील (सध्याचा झांबिया) एन्डोला शहराजवळ विमान कोसळून झालेला मृत्यू. विमानातील सोळाही जण यात दगावले. ऱ्होडेशियाच्या सरकारी आयोगाने १९६२ च्या फेब्रुवारीत वैमानिकाच्या चुकीने झालेला अपघात असा निकाल दिला. संयुक्त राष्ट्रांनी तो निकाल उचलून धरला नाही. २०१५ नंतर पुन्हा सुरू झालेल्या तपासाने बाहेरून हल्ला झाल्याची शक्यता ग्राह्य मानली आहे, मात्र दोषी कोण हे आजवर ठरलेले नाही.

पार्श्वभूमी : बेल्जियमच्या ताब्यातील काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला. ११ जुलैला मोईझ चोंबे यांनी तांब्याच्या खाणींनी समृद्ध असलेला कटांगा प्रांत वेगळा झाल्याचे जाहीर केले. खाणींची मालकी असलेली युनियन मिनिएर ही बेल्जियन कंपनी आणि युरोपीय भाडोत्री सैनिक चोंबे यांच्या पाठीशी होते. पदच्युत पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांची १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगातच हत्या झाली. काँगोत पाठवलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत भारतीय ब्रिगेडचा मोठा वाटा होता. १३ सप्टेंबर १९६१ रोजी सुरू झालेल्या ‘मोरथोर’ मोहिमेत ब्रिगेडियर के. ए. एस. राजा यांच्या हाताखालचे सैनिक कटांगाची राजधानी एलिझाबेथव्हिलमध्ये लढले. या मोहिमेला महासचिवांची संमती कितपत होती, याविषयी मतभेद आहेत. मोहीम चिघळल्यावर चोंबे यांच्याशी युद्धबंदीची बोलणी करण्यासाठी हॅमरशोल्ड स्वतः एन्डोलाला निघाले.

उड्डाण : ट्रान्सएअर या स्वीडिश कंपनीचे डीसी-६बी जातीचे, ‘अल्बर्टिना’ नावाचे विमान १७ सप्टेंबर रोजी दुपारी ४ वाजून ५१ मिनिटांनी लिओपोल्डव्हिलहून (सध्याचे किन्शासा) सुटले. त्याच दिवशी सकाळी एलिझाबेथव्हिलला त्यावर गोळी लागली होती. दुरुस्तीनंतर ते काही तास पुरेशा पहाऱ्याविना उभे होते. कटांगाचे फूगा माजिस्तेर हे एकुलते एक जेट विमान त्या आठवड्यात संयुक्त राष्ट्रांच्या ठाण्यांवर मारा करत होते आणि संयुक्त राष्ट्रांकडे लढाऊ विमाने नव्हती. म्हणून रात्रीचा प्रवास, रेडिओचे मौन आणि टांगानिका सरोवराकडून लांबचा वळसा असा बेत आखला गेला. ब्रिटिश मंत्री लॉर्ड लॅन्सडाउन दुसऱ्या विमानाने सरळ वाटेने पुढे गेले.

मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी विमानाने एन्डोलाचे दिवे दिसत असल्याचे आणि खाली उतरत असल्याचे टॉवरला कळवले. त्यानंतर संपर्क तुटला. विमानतळाच्या पश्चिमेला सुमारे १५ किमी. वरच्या जंगलात ते हलक्या उतारानेच झाडांच्या शेंड्यांत शिरले आणि जमिनीवर आदळून पेटले. चाके खाली काढलेली होती, उतरण्यासाठी फ्लॅप लावलेले होते, इंजिने चालू होती. उंचीमापक यंत्रे अमेरिकेत तपासली गेली, त्यांत दोष आढळला नाही.

शोधाला झालेला उशीर : विमानतळावर हजर असलेले ब्रिटिश उच्चायुक्त लॉर्ड ॲल्पोर्ट यांनी महासचिव बहुधा दुसरीकडे गेले असावेत असे मत दिले. विमानतळ रात्रीपुरता बंद करण्यात आला. अवशेष सापडल्याची अधिकृत नोंद १८ सप्टेंबरच्या दुपारी ३ वाजून १० मिनिटांची आहे, म्हणजे पंधरा तासांनंतरची. विमानतळापासून इतक्या जवळ पडलेले विमान शोधायला इतका वेळ का लागला, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही अहवालात मिळत नाही. टॉवरमधील संभाषणाची ध्वनिफीत नाही. नियंत्रकाने नंतर लिहून काढलेल्या नोंदीवरच सारी भिस्त आहे.

हॅमरशोल्ड यांचा मृतदेह आगीपासून दूर, एका वारुळाला टेकलेल्या स्थितीत आढळला व तो भाजलेला नव्हता. त्यांच्या गळ्यापाशी खेळण्यातला पत्ता खोचलेला होता असे सांगितले जाते. ते निर्विवाद नाही. काही सुरक्षारक्षकांच्या शरीरांत गोळ्या आढळल्या. आगीत त्यांचीच काडतुसे फुटली असे स्पष्टीकरण देण्यात आले, आणि क्ष-किरण चित्रांच्या पुनर्तपासणीत ते टिकले.

साक्षी : प्रकरणाचा खरा गाभा येथे असल्याने त्यांचा तपशील देणे आवश्यक आहे.

सुरक्षा अधिकारी हॅरल्ड ज्यूलियन हे एकटेच जिवंत सापडले. गंभीररीत्या भाजलेल्या स्थितीत ते दिवसाच्या उन्हात तासन्‌तास पडून होते. पाच दिवसांनी, २३ सप्टेंबरला एन्डोलाच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. स्फोट झाला, आकाशात ठिणग्या दिसल्या आणि हॅमरशोल्ड यांनी मागे फिरण्यास सांगितले, अशा आशयाचे ते बोलले होते. ऱ्होडेशियन आयोगाने हे बोलणे गुंगीतल्या रुग्णाची बडबड म्हणून बाजूला ठेवले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पुढे सांगितले की ते शुद्धीवर आणि सुसंगत बोलत होते.

दुसरे साक्षीदार जंगलात कोळसा पाडणारे स्थानिक आफ्रिकी लोक. कोळशाची भट्टी रात्रभर राखावी लागते, आच कुठे फुटली की माती लोटून ती बुजवावी लागते. म्हणूनच मध्यरात्री त्या रानात जागी असलेली माणसे हीच होती. मोठ्या विमानाच्या मागे किंवा वर दुसरे लहान विमान होते, आकाशात झोत किंवा लखलखाट दिसला आणि मग मोठे विमान पेटते खाली आले, असे त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितले. ऱ्होडेशियन आयोगापुढे त्यांच्या जबान्या अविश्वसनीय ठरल्या. काहींनी माहिती उशिरा दिली हा त्यांच्यावरचा आक्षेप होता. मात्र गोऱ्या पोलिसांच्या राजवटीत आपणहोऊन चौकीत जाणे म्हणजे काय, याचा विचार त्या अहवालात नाही. अवशेषांतून सांकेतिक लिपीचे यंत्र उचलल्याबद्दल त्यांच्यापैकी काहींना कैदेची शिक्षा झाली. घटनास्थळी सर्वप्रथम पोहोचलेली माणसे अशा रीतीने साक्षीदार म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून कागदोपत्री आली. प्रस्तुत नोंदकाराच्या मते १९६२ चा निकाल ढिला पडतो तो येथेच. यंत्रांच्या तपासणीत खोट काढता येत नाही, पण माणसांच्या साक्षी तोलताना आयोगाने रंग पाहिला.

स्वीडनचे योरान ब्यर्कडाल यांनी सुमारे अर्ध्या शतकानंतर हयात असलेल्या साक्षीदारांना भेटून त्यांच्या हकिकती नोंदवल्या. त्या १९६१ च्या जबान्यांशी बऱ्याच अंशी जुळतात. एवढ्या काळानंतरच्या स्मृतीला किती वजन द्यावे, हा आक्षेप अर्थातच उरतो.

पहिल्या चौकशा : ऱ्होडेशियाच्या नागरी हवाई विभागाच्या तपास मंडळाने वैमानिकाची चूक संभाव्य मानली, तरी कोणाच्या हेतुपुरस्सर कृत्याची शक्यता पूर्णपणे नाकारली नव्हती. सरन्यायाधीश जॉन क्लेडन यांच्या सरकारी आयोगाने ती सावधगिरी सोडली आणि चालकांनी विमान गरजेपेक्षा खाली आणले असे ठाम म्हटले. नेपाळचे रिशिकेश शाह यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या पाचसदस्यीय आयोगाने एप्रिल १९६२ मध्ये घातपात, हल्ला, यंत्रदोष आणि मानवी चूक यांपैकी काहीच सिद्ध झालेले नाही व काहीच नाकारताही येत नाही, असा अहवाल दिला. झ्युरिकचे तज्ज्ञ माक्स फ्राय-झुल्झर यांनी वितळून गोळा झालेला धातू पुन्हा वितळवून गोळ्यांचा माग काढला. त्यांना काही मिळाले नाही. २६ ऑक्टोबर १९६२ च्या ठरावाने आमसभेने नवा पुरावा आल्यास कळवावे असे महासचिवांना सांगितले. पुढे प्रकरण पुन्हा उघडले ते याच ठरावाच्या आधारे.

पुनर्तपास : सुझन विल्यम्स यांच्या २०११ मधील ग्रंथाने विषयाला नवी चालना दिली. ब्रिटिश न्यायाधीश स्टीफन सेडली यांच्या अध्यक्षतेखालील स्वयंप्रेरित न्यायविदांच्या आयोगाने (दक्षिण आफ्रिकेचे रिचर्ड गोल्डस्टोन हे त्यातील एक सदस्य) ९ सप्टेंबर २०१३ रोजी पुढील तपासाला पुरेसा आधार असल्याचे कळवले. सायप्रसमधील श्रवणकेंद्रात त्या रात्री हजर असलेले अमेरिकी नौदल अधिकारी चार्ल्स साउथॉल यांच्या म्हणण्यानुसार, आपण विमानावर मारा केला असून ते पेटून पडत आहे, असे सांगणाऱ्या वैमानिकाचा आवाज त्यांनी ऐकला होता. त्याची मूळ ध्वनिफीत किंवा टिपण उपलब्ध झालेले नाही.

आमसभेच्या ठरावानुसार महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञगटाचे नेतृत्व टांझानियाचे सरन्यायाधीश मोहम्मद चांदे ओथमान यांनी केले (२०१५). पुढे एकट्याने काम पाहताना त्यांनी २०१७ च्या अहवालात बाह्य हल्ला किंवा धमकी हे कारण संभवनीय असल्याचे म्हटले. २०१९ व २०२२ च्या अहवालांत सदस्यराष्ट्रांच्या, विशेषतः अमेरिका, ब्रिटन व दक्षिण आफ्रिका यांच्या, गुप्तचर व लष्करी दप्तरांत अप्रकट माहिती असण्याची दाट शक्यता त्यांनी नोंदवली. ती दप्तरे पूर्णपणे खुली झालेली नाहीत. साठ वर्षांनंतरही या कागदांवर कोणाची सुरक्षा अवलंबून आहे, हे त्या सरकारांनी सांगायला हवे.

अन्य तर्क : चालकांनी एन्डोलाऐवजी लिओपोल्डव्हिलच्या एन्डोलो या सखल विमानतळाचा नकाशा वापरला, असा एक तर्क आहे. १९९८ मध्ये आर्चबिशप डेझमंड टूटू यांनी सत्य व समेट आयोगाच्या वतीने विमानात बॉम्ब ठेवण्याच्या कथित कटाची कागदपत्रे प्रसिद्ध केली. त्यांचा अस्सलपणा पटलेला नाही. विमानावर हल्ला करणारा म्हणून एका बेल्जियन वैमानिकाचे नाव घेतले जाते. त्याचे निकटवर्तीय ते नाकारतात.

नंतरच्या घडामोडी : ब्रह्मदेशाचे ऊ थांट महासचिव झाले. कटांगाचे बंड जानेवारी १९६३ मध्ये मोडले. हॅमरशोल्ड यांना १९६१ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मरणोत्तर देण्यात आले.

स्मारके : एन्डोलाजवळ अपघातस्थळी स्मारक आहे; हॅमरशोल्ड यांचे दफन उप्साला येथे झाले.