चोरी रक्तात असते का?

ईटमध्ये कुणाचं पाकीट हरवलं, की तुमची नजर आधी कुणाकडे वळते? पालावरच्या पारध्याकडे?

ही नजर जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. शेजारच्या सोलापुरात अशी कुटुंबं तारेच्या कुंपणाआड, ‘सेटलमेंट’मध्ये ठेवली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. संशय मात्र उरला.

आपण चुकलो की परिस्थितीला दोष देतो, दुसरा चुकला की त्याच्या स्वभावाला, जातीला. रक्ताच्या कुठल्याही तपासणीत चोरी दिसत नाही. पण संशयाच्या भीतीनं माणूस दवाखान्यात उशिरा येतो आणि आजार बळावतो. म्हणून पुढच्या वेळी बाकावर त्याच्यासाठी थोडं सरकून बसा.