रिंग बफर (एसक्यूएल सर्व्हर)

रिंग बफर, अर्थात वलयाकार नोंदसाठा, ही मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या रिलेशनल डेटाबेस प्रणालीतील अंतर्गत निदान-व्यवस्था आहे. प्रणाली चालू असताना उद्भवणाऱ्या त्रुटी, मेमरीची टंचाई, प्रोसेसरवरील भार इत्यादींची नोंद ती संगणकाच्या मेमरीतच ठेवते. एसक्यूएल सर्व्हर २००५ या आवृत्तीपासून या नोंदी 'सिस.डीएम_ओएस_रिंग_बफर्स' या व्ह्यूद्वारे वाचता येतात.

रचना

प्रत्येक साठ्याची जागा मर्यादित असते. ती भरली की सर्वांत जुनी नोंद पुसली जाऊन तेथे नवी नोंद होते. रहाटगाडग्याची गाडगी पाळीपाळीने रिकामी होतात व पुन्हा भरतात, तसेच हे चक्र आहे. नोंद डिस्कवर लिहावी लागत नसल्याने तिचा प्रणालीवरील भार अल्प असतो.

प्रमुख प्रकार

• शेड्युलर मॉनिटर : प्रोसेसरचा वापर
• रिसोर्स मॉनिटर : मेमरीच्या स्थितीतील बदल
• एक्सेप्शन : प्रणालीत उद्भवलेल्या त्रुटी
• कनेक्टिव्हिटी : तुटलेल्या जोडण्या व अयशस्वी लॉगिन

वाचन

नोंदीचा तपशील एक्सएमएल स्वरूपात असतो. तिच्यावरील वेळ घड्याळाची नसून संगणक सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांत मोजलेली असते. त्यामुळे ती नेहमीच्या वेळेत रूपांतरित करावी लागते.

शेड्युलर मॉनिटरची नोंद दर मिनिटाला होते व अशा २५६ नोंदी राहतात. म्हणजे सुमारे सव्वाचार तासांचा इतिहास उपलब्ध असतो. विंडोजवरील एखाद्या नोंदीत प्रोसेसर १० टक्के रिकामा आणि एसक्यूएल सर्व्हरचा वापर ३० टक्के दिसला, तर उरलेला ६० टक्के भार त्याच संगणकावरील इतर प्रोग्रामांचा ठरतो. अशा वेळी केवळ डेटाबेसमधील क्वेरी सुधारून संथपणा दूर होत नाही.

मर्यादा

एसक्यूएल सर्व्हरची सेवा बंद होताच या सर्व नोंदी नष्ट होतात. प्रणाली संथ झाली की ती बंद करून पुन्हा सुरू करणे हा सर्रास केला जाणारा उपाय आहे. मात्र त्याने तात्पुरता आराम मिळाला तरी बिघाडाचे कारण सांगणारा पुरावाच पुसला जातो. म्हणून शक्य असल्यास पुनरारंभापूर्वी या नोंदी एखाद्या तक्त्यात किंवा फाइलमध्ये उतरवून घेणे हितावह असते. विलंब झाल्यासही नव्या नोंदी जुन्यांची जागा घेतात.

हा व्ह्यू केवळ माहितीसाठी असून पुढील आवृत्त्यांत तो तसाच राहील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

पूरक व्यवस्था

एसक्यूएल सर्व्हर २००८ मध्ये एक्सटेंडेड इव्हेंट्स ही व्यवस्था आली. तिच्यातील 'सिस्टिम हेल्थ' हे सत्र आपोआप सुरू होते आणि गंभीर त्रुटी व डेडलॉक यांची नोंद ठेवते. २०१२ च्या आवृत्तीपासून ते मेमरीबरोबरच डिस्कवरील फाइलमध्येही लिहिते. त्यामुळे त्यातील नोंदी पुनरारंभानंतरही वाचता येतात. अर्थात या फाइलींची संख्या व आकारही मर्यादित असल्याने कालांतराने त्यांतील जुन्या नोंदीही पुसल्या जातात.

हेही पाहा

• डेटाबेस
• एसक्यूएल
• डेडलॉक