महानुभावीय सांकेतिक लिपी

महानुभाव पंथीयांनी आपल्या मराठी ग्रंथांच्या प्रती करण्यासाठी योजिलेल्या गुप्त लिपी. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, वज्र, अंक, शून्य इ. नावांनी त्या ओळखल्या जातात. त्यांमागील ग्रंथपरंपरेचा उगम अचलपूरच्या परिसरातील आहे. पंथप्रवर्तक चक्रधरांच्या अळजपूर (अचलपूर) येथील वास्तव्यातील लीळा लीळाचरित्रात आल्या आहेत. आणि हा ग्रंथ अचलपूरच्या पूर्वेस असलेल्या रिद्धपूर येथे म्हाइंभटाने, आठवणी नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन, 1278 च्या सुमारास सिद्ध केला.

मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली, असे पंथीय परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला व त्याचे भिन्न पाठ निर्माण झाले. पुढे चौदाव्या शतकात सकळ लिपी प्रचारात आली. तिचे जनकत्व रवळोबासांकडे दिले जाते. तिची रचना साधी आहे : एका अक्षराऐवजी ठरावीक दुसरे अक्षर लिहावयाचे. किल्ली ठाऊक असलेल्यास ती सहज वाचता येते. इतरांस ती निरर्थक अक्षरांची जुळणी वाटते. अनधिकारी वाचकापासून ब्रह्मविद्येचे रक्षण, हा तिचा हेतू होता. प्रती करण्याच्या दृष्टीने मात्र ती दुधारी ठरली. सांकेतिक मजकुरात लेखनिकाला आपल्या काळातील भाषा सहजासहजी घुसडता येत नाही, हा लाभ. पण एक अक्षर चुकले की ते पुढील लेखनिकाला अर्थावरून सुधारणेही अवघड जाते.

पंथ पंजाब, पेशावर व काबूलपर्यंत पसरला आणि तेथील मठांतही मराठी पोथ्या जपल्या गेल्या. महाराष्ट्रातील विद्वानांना मात्र शेजारच्या मठातील हे वाङ्मय शतकानुशतके अज्ञात राहिले. परिणामी आद्य मराठी गद्याची ही समृद्ध परंपरा वगळूनच मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला जात होता. ग्रंथ वाचविणाऱ्या लिपीनेच त्यांना अज्ञातवासात ठेवले, असे म्हणावे लागते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. वि. ल. भावे यांनी महाराष्ट्र सारस्वतात या वाङ्मयाचा परिचय करून दिला. त्यानंतर ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र भागशः संपादिले, वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती 1978 मध्ये प्रसिद्ध झाली. लिपी उलगडली, तरी स्मरणातून आलेल्या पाठांपैकी मूळाच्या अधिक निकट कोणता, हा प्रश्न संपादकांपुढे उरलाच.