सहा मिनिटांचा सामना, सत्तावीस वर्षांची चौकशी

क्रीडांगणावरील गुन्हा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो दंगलखोर प्रेक्षक. त्याला शिक्षा झाली की न्याय झाला, अशी आपली समजूत असते. परंतु माणसे मेली आणि दोष बंदोबस्त ठेवणाऱ्यांचाच असला, तर न्याय कोणी करावयाचा? हा प्रश्न इंग्लंडातील शेफील्ड शहरात उभा राहिला. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या आम्हांस तो फार ओळखीचा वाटतो.

१५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांचा एफ. ए. कपचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूस उभ्या जागेची १०,१०० तिकिटे लिव्हरपूलकरांना दिलेली होती. त्यांना आत घेण्यास फिरती फाटके अवघी सात. बाहेर गर्दी तुंबली. शेवटी बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांच्या हुकमावरून २ वाजून ५२ मिनिटांनी बाहेर जाण्याचे मोठे दार उघडण्यात आले. समोरचा बोगदा थेट मधल्या दोन कप्प्यांत जात होता आणि ते कप्पे आधीच भरलेले होते. तो बोगदा कोणी बंद केला नाही. पुढे लोखंडी जाळी आणि मागून लोंढा, अशा स्थितीत माणसे चिरडली. ३ वाजून ६ मिनिटांनी खेळ थांबविण्यात आला. मृतांची संख्या पुढे ९७ झाली. त्यांतील शेवटचा मनुष्य २०२१ साली वारला. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

जाळी कशाकरिता होती, हेही सांगितले पाहिजे. इंग्लिश प्रेक्षकांची दंगलखोरी खोटी नव्हती. १९८५ साली ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी हल्ला केल्यावर ३९ माणसे मेली, आणि त्याबद्दल चौदाजणांना बेल्जियममध्ये शिक्षा झाली. ती योग्यच होती असे आमचे मत आहे. तथापि एका दिवशीचा गुन्हा दुसऱ्या दिवशीच्या मृतांच्या माथी मारता येत नाही.

येथे नेमके तेच झाले. लोकांनीच दार फोडले, असे डकनफील्ड यांनी त्याच दुपारी सांगितले. चार दिवसांनी 'सन' या वृत्तपत्राने प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापल्याचा खोटा आरोप पहिल्या पानावर छापला. मृत्युचौकशी अधिकाऱ्याने मुलांसकट सर्व मृतांच्या रक्तातील दारूची तपासणी करविली. कारखान्यात यंत्राखाली हात गेला की पहिल्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे शब्द कसे उमटतात, ते आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. तीच ही रीत.

न्यायमूर्ती टेलर यांनी ऑगस्ट १९८९ मध्येच पोलिसांचा ताबा सुटला हे मुख्य कारण असल्याचे लिहून ठेविले. तरीही १९९१ साली मृत्युचौकशीचा निकाल 'अपघाती मृत्यू' असा लागला. ज्यांच्या घरची माणसे गेली ते लोक मात्र गप्प बसले नाहीत. २०१२ साली स्वतंत्र समितीने कागद उघडले, तेव्हा १६४ पोलिसी जबान्या बदललेल्या आढळल्या. त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलिसांविरुद्धचा मजकूर काढलेला किंवा फिरविलेला होता. २०१६ साली नव्या मृत्युचौकशीतील ज्यूरीने ही माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांचा काहीही दोष नव्हता, असा निर्णय दिला.

हेच दक्षिण यॉर्कशायर पोलीस दल १९८४ च्या खाण-संपात ऑरग्रीव्ह येथे होते. तेथे ९५ खाणकामगारांवर खटले भरले गेले. पोलिसांच्या जबान्या विश्वासार्ह नसल्याने ते १९८५ साली कोसळले, आणि १९९१ मध्ये ३९ जणांना ४,२५,००० पौंड भरपाई द्यावी लागली. पण एकाही पोलिसावर खटला झाला नाही. त्या वेळी जाब विचारला गेला असता, तर हिल्सबरोच्या जबान्यांना हात लावण्यापूर्वी कोणी तरी कचरला असता, असे आम्हांस वाटते.

२०१९ साली डकनफील्ड निर्दोष सुटले. क्लबच्या चिटणीसास सुरक्षाविषयक गुन्ह्याबद्दल ६,५०० पौंड दंड झाला. ज्यूरीचा निर्णय आम्ही मानतो. एका वृद्धास तुरुंगात धाडल्याने कोणाचे मूल परत आले नसते. आमचा वाद २०२१ च्या निकालाशी आहे. जबान्या बदलल्याबद्दल दोन निवृत्त पोलीस अधिकारी व एक वकील यांच्यावर खटला होता. तो न्यायाधीशांनी थांबविला; कारण टेलर चौकशी ही न्यायालयीन कारवाई नव्हती, म्हणून तिच्यापुढील कागद बदलल्याने न्यायात अडथळा आणल्याचा गुन्हा होत नाही! कायद्याच्या अक्षराप्रमाणे हे बरोबर असेल. पण मग चौकशीपुढे खरे बोलण्याचे बंधन कोणावर राहिले?

हे भगदाड बुजविण्यासाठी, सरकारी अधिकाऱ्यांवर सत्य सांगण्याचे कर्तव्य घालणारे विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात मांडण्यात आले. ही मागणी मृतांच्या आईबापांनी लावून धरली होती. श्रोतेहो, आपल्या गावातही जत्रा भरतात, सामने होतात, चौकशा नेमल्या जातात. चौकशी कोण करणार, एवढेच विचारून थांबू नका. पहिली जबानी कोणी लिहिली आणि मूळ कागद कोणाच्या कपाटात आहे, हेही विचारीत चला.